विश्लेषण : चेहरा दाखवून फोन उघडतो, मग बँकेचे ॲप बोट का मागते? नव्या फोनच्या लॉकसाठी किती पैसे मोजावेत?

फोन तोंडासमोर धरला की उघडतो. पण त्याच फोनमधले बँकेचे ॲप चेहरा ओळखत नाही. बोट लावा किंवा पिन टाका, असे सांगते. अनेक अँड्रॉइड वापरकर्त्यांना हा ॲपमधला बिघाड वाटतो. प्रत्यक्षात तो बिघाड नाही. त्या फोनचा चेहरा ओळखण्याचा दर्जा पैशांच्या व्यवहारासाठी पुरेसा नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो.

हा फरक आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. पूर्वी फोनचे लॉक फोटो आणि मेसेज सांभाळत होते. आता त्याच लॉकमागे बँक खाते, यूपीआय आणि डिजिलॉकर आहे. त्यामुळे नवा फोन घेताना कॅमेरा आणि बॅटरीइतकेच लॉककडेही पाहायला हवे.

पिन, पॅटर्न, बोट, चेहरा : कोणती पद्धत किती पक्की?

चार अंकी पिनच्या शक्यता १० हजार असतात. सहा अंकी पिनच्या १० लाख. अँड्रॉइडमधील नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या शक्यता ३ लाख ८९ हजार ११२ आहेत. कागदावर पॅटर्न चार अंकी पिनपेक्षा सरस ठरतो, पण माणसाचा डोळा आकार पटकन लक्षात ठेवतो. अमेरिकेच्या नौदल अकादमीतील संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसोबत २०१७ मध्ये याची चाचणी घेतली. एखाद्याला फोन उघडताना एकदाच पाहून सहा ठिपक्यांचा पॅटर्न सुमारे ६४ टक्के लोकांना बरोबर सांगता आला. सहा अंकी पिनबाबत हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. लोकलच्या गर्दीत किंवा एसटीच्या रांगेत पॅटर्न काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बोटाच्या ठशाचे तीन प्रकार सध्या बाजारात आहेत. स्वस्त फोनमध्ये बाजूच्या पॉवर बटणात सेन्सर असतो. मध्यम किमतीच्या अनेक फोनमध्ये पडद्याखाली ऑप्टिकल सेन्सर असतो. तो प्रकाश टाकून बोटाची प्रतिमा घेतो. महागड्या फोनमध्ये अल्ट्रासॉनिक सेन्सर असतो. तो ध्वनिलहरींनी ठशाचे उंचवटे आणि खाचा मोजतो, त्यामुळे ओलसर बोटालाही तो बऱ्यापैकी साथ देतो.

महाग म्हणजे अभेद्य, असे मात्र नाही. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस१० मालिकेत पडद्यावर ठरावीक सिलिकॉन कव्हर लावल्यास नोंद नसलेल्या बोटानेही फोन उघडत असल्याचे समोर आले. कंपनीला तातडीने सॉफ्टवेअर अपडेट द्यावे लागले.

सगळे फेस अनलॉक सारखे का नसतात?

नाव एकच असले तरी तंत्र वेगळे असते. ॲपलने २०१७ मध्ये आयफोन टेनसोबत आणलेले फेस आयडी चेहऱ्यावर ३० हजारांहून अधिक अदृश्य इन्फ्रारेड ठिपके टाकते आणि चेहऱ्याची खोली मोजते. नाक पुढे आहे, डोळे आत आहेत, हे त्याला कळते. अनोळखी माणसाच्या चेहऱ्याने फोन उघडण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षा कमी, असे ॲपल सांगते. जुन्या टच आयडीसाठी कंपनीचा आकडा ५० हजारांत एक होता. जुळ्या भावंडांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत चेहरा ओळखण्यात चूक होण्याची शक्यता जास्त असते, हेही कंपनीच सांगते.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असे वेगळे सेन्सर नसतात. सेल्फी कॅमेरा चेहऱ्याचे सपाट चित्र घेतो आणि नोंदवलेल्या चेहऱ्याशी जुळवतो. सपाट चित्रच तपासायचे असेल, तर खरा चेहरा आणि त्याचा फोटो यांत गल्लत होऊ शकते. ब्रिटनमधील 'विच?' या ग्राहक संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत ४८ पैकी १९ फोन कागदावर छापलेल्या फोटोने उघडले. हे सगळे अँड्रॉइड फोन होते आणि त्यात काही महागडी मॉडेलही होती.

बँकेचे ॲप कशावरून ठरवते?

अँड्रॉइडने बोट आणि चेहरा ओळखण्याच्या पद्धतींची तीन वर्गांत विभागणी केली आहे. खोटे बोट किंवा खोटा चेहरा दाखवून फसवण्याचे किती प्रयत्न यशस्वी होतात, ही त्यातली एक मुख्य कसोटी आहे. हे प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत असेल तर तिसरा, म्हणजे सर्वात पक्का वर्ग. ७ ते २० टक्के असेल तर दुसरा. त्याहून जास्त असेल तर पहिला, म्हणजे केवळ सोयीचा वर्ग.

पहिल्या वर्गातली पद्धत फोन उघडू शकते, पण ॲपना ती वापरता येत नाही. पैशांच्या व्यवहारासाठी ॲपला फोनमधील सुरक्षित तिजोरीतली डिजिटल किल्ली हवी असते. ही किल्ली तिसऱ्या वर्गातल्या पद्धतीनेच बाहेर निघते. बहुतेक फोनचा फिंगरप्रिंट सेन्सर या वर्गात बसतो, साधे फेस अनलॉक बसत नाही. म्हणून ॲप बोट मागते.

गुगलचा पिक्सेल ८ (२०२३) हा इथे ठळक अपवाद ठरला. साध्या सेल्फी कॅमेऱ्याला मशीन लर्निंगची जोड देऊन गुगलने त्याचे फेस अनलॉक तिसऱ्या वर्गात नेले. मात्र वेगळा इन्फ्रारेड सेन्सर नसल्याने अंधारात ते अडखळते.

यूपीआयमध्ये काय बदलले?

ऑक्टोबर २०२५ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने (एनपीसीआय) यूपीआय व्यवहारांना पिनऐवजी फोनवरच बोट किंवा चेहऱ्याने मंजुरी देण्याची सुविधा जाहीर केली. ती ऐच्छिक आहे आणि सुरुवातीला एका व्यवहारासाठी ५ हजार रुपयांची मर्यादा ठेवण्यात आली. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२५ मध्ये डिजिटल व्यवहारांसाठी नवे निर्देश काढले. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या या निर्देशांत दोन टप्प्यांची पडताळणी कायम आहे, पण एसएमएसवरील ओटीपीखेरीज इतर मार्गांनाही वाव देण्यात आला आहे.

सोय मोठी आहे. दुकानात सगळ्यांसमोर पिन टाकावा लागत नाही, आणि समोरच्याला दिसला नाही तो पिन चोरीलाही जात नाही. पण यातून एक नवा प्रश्न उभा राहतो. घरोघरी एकाच फोनमध्ये दोघा-तिघांची बोटे नोंदवलेली असतात : मुलाला गेम खेळायचा असतो, आईला व्हिडिओ कॉल लावायचा असतो. हे बोट फक्त गेमसाठी आणि ते बँकेसाठी, असा भेद फोन साधारणपणे करत नाही. ज्या ॲपमध्ये बोटाने मंजुरी सुरू केली आहे, तिथे नोंदवलेले कोणतेही बोट चालू शकते. तेव्हा ही सुविधा सुरू करण्याआधी फोनमध्ये कोणाकोणाची बोटे आहेत, ते तपासणे गरजेचे आहे.

खरी किल्ली पिनच

बोट आणि चेहरा कितीही पक्के असले तरी त्यांच्यामागे पिन किंवा पासवर्ड असतोच. फोन बंद करून सुरू केला, अनेक वेळा ओळख चुकली किंवा ठरावीक काळ लोटला, की फोन पिनच मागतो. ज्याला पिन माहीत आहे, तो सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचे बोटही नोंदवू शकतो. आधी पिन डोळ्यांनी टिपायचा आणि मग फोन हिसकवायचा, ही चोरांची युक्ती यावरच चालते.

यावर उपाय म्हणून ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आणले. घर किंवा कार्यालयासारख्या नेहमीच्या ठिकाणांबाहेर खात्याचा पासवर्ड बदलायचा असेल तर चेहरा किंवा बोट लागते आणि एक तास थांबावेही लागते. अँड्रॉइडमध्ये २०२५ पासून काही फोनवर 'आयडेंटिटी चेक' आले; विश्वासू ठिकाणांबाहेर महत्त्वाच्या सेटिंग बदलायला तेही बोट किंवा चेहरा मागते. फोन हिसकावून कोणी पळाल्याचे हालचालीवरून ओळखून पडदा आपोआप लॉक करणारी सोयही अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. ती आपल्या फोनमध्ये सुरू आहे का, हे सेटिंगमध्ये पाहून घ्यावे लागते.

पुढे काय येणार?

पहिला बदल दिसू लागला आहे. अल्ट्रासॉनिक सेन्सर खालच्या किमतीकडे सरकत आहे. वनप्लस १२ आणि आयक्यू १२ मध्ये ऑप्टिकल सेन्सर होता. त्यांच्या पुढच्या पिढीत, म्हणजे वनप्लस १३ आणि आयक्यू १३ मध्ये, तो अल्ट्रासॉनिक झाला.

दुसरा बदल चेहऱ्याचा. मेटालेन्झ या अमेरिकी कंपनीने 'पोलर आयडी' नावाचे तंत्र मांडले आहे. मानवी त्वचेवरून परतणारा प्रकाश मुखवट्यावरून किंवा फोटोवरून परतणाऱ्या प्रकाशापेक्षा वेगळा असतो, हा फरक ते टिपते. जागा आणि खर्च कमी लागल्याने ते अँड्रॉइड फोनमध्ये बसू शकेल, असा कंपनीचा दावा आहे. ॲपल फेस आयडीचे सेन्सर पडद्याखाली नेणार, अशी चर्चाही काही वर्षे सुरू आहे. कंपनी असे बदल आधी सांगत नाही, त्यामुळे त्या चर्चेच्या भरवशावर खरेदी लांबवण्यात अर्थ नाही.

किमतीचे काय?

दिलासा मिळण्याची शक्यता कमी दिसते. एआय डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरी चिपची मागणी वाढल्याने २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि स्टोरेज महागले. स्वस्त फोनच्या एकूण खर्चात मेमरीचा वाटा मोठा असल्याने त्यांना याची झळ अधिक बसते. मोबाइलवरील जीएसटीही १८ टक्केच आहे. सप्टेंबर २०२५ मधील करकपातीत फोनचा समावेश नव्हता. किंमत तीच ठेवून रॅम किंवा स्टोरेज कमी देणे, हा मार्गही कंपन्यांपुढे असतो. त्यामुळे नवे मॉडेल जुन्याच किमतीत आले तरी पेटीवरचे आकडे वाचायला हवेत.

लॉकपुरते पाहिले तर चित्र असे आहे. खोली मोजणारा फेस आयडी हवा असेल, तर भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १६ईची सुरुवातीची किंमत ५९,९०० रुपये होती आणि सप्टेंबर २०२५ मधील आयफोन १७ची ८२,९०० रुपये. पक्के फेस अनलॉक असलेला पिक्सेल ९ए ४९,९९९ रुपयांना आला होता. पण बटणातला साधा फिंगरप्रिंट सेन्सर यांच्या तुलनेत अगदी कमी किमतीच्या फोनमध्येही मिळतो आणि बँकेच्या ॲपला तो सहसा चालतो. म्हणजे केवळ सुरक्षित लॉकसाठी ५० हजार रुपये मोजण्याची गरज नाही.

मग खरेदी करताना काय पाहावे?

जाहिरातीतील 'फेस अनलॉक' या शब्दांवर न जाता दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : या चेहऱ्याने बँकेचे ॲप उघडते का? उत्तर 'नाही' असेल, तर ते फेस अनलॉक फक्त सोयीसाठी आहे असे समजावे आणि फिंगरप्रिंट सेन्सर आहे ना, ते पाहावे. सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हेही विचारावे. सेन्सर चांगला असला तरी अपडेट थांबले की फोन कमकुवत होत जातो.

सध्या हातात असलेल्या फोनसाठी तर एक रुपयाही लागत नाही. पॅटर्नऐवजी सहा अंकी पिन ठेवावा. तो जन्मतारीख किंवा यूपीआय पिनसारखा नसावा. नको असलेली बोटे काढून टाकावीत. सिमलाही लॉक लावावे, नाहीतर चोर ते दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी मिळवू शकतो. सिमचा पिन तीनदा चुकला तर पीयूके क्रमांक लागतो, तेवढे लक्षात ठेवावे.

फोन हरवलाच तर सिम बंद करून बँकेला कळवावे, पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि 'संचार साथी'वर आयएमईआय क्रमांक देऊन फोन ब्लॉक करावा. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. आयएमईआय क्रमांक *#०६# डायल केल्यावर दिसतो. तो आजच एखाद्या कागदावर लिहून घरात ठेवलेला बरा, कारण फोन गेल्यावर त्यातला क्रमांक पाहता येत नाही.