स्वयंपाकघरातून : चातुर्मासाची कोठी आणि उडदाचे घुटे



चातुर्मास लागला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, पालेभाजी नाही आणि अष्टमी-चतुर्दशीला तर हिरवे काहीच नाही. मग करावे तरी काय? लग्न होऊन पलूसला आले त्या पहिल्या वर्षी मीही हाच प्रश्न सासूबाईंना विचारला होता. त्यांनी उत्तर दिले नाही. कोठीचे दार उघडले आणि डबे दाखवले. उडीद डाळ, हुलगे, शाळू, जवस, सुके खोबरे, धने, गूळ, सुंठ. "चार महिन्यांचे उत्तर यात आहे," एवढेच त्या म्हणाल्या.

'दक्षिणी पदार्थ' म्हटले की आपल्याला इडली-डोसा आठवतो. परंतु आपल्या दक्षिण महाराष्ट्राचेही स्वतःचे, साधे, पोटाला आणि मनाला ऊब देणारे जेवण आहे. गुजरात-राजस्थानातून व्यापारासाठी इकडे आलेल्या घराण्यांनी दाळ-ढोकळी आणि गट्टे सोबत आणले. कृष्णाकाठाने त्यांच्या ताटात घुटे, कण्या आणि माडगे वाढले. या भागातील आपले शेतकरी जैन बांधव तर हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. या जेवणाची खरी किंमत मला कळली ती मात्र २०१९ च्या महापुरात.

त्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. आमच्या तालुक्यातील आमणापूर, बुर्ली, भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ ही सारी नदीकाठची गावे. तेथील माणसे मिळेल त्या वाटेने बाहेर पडत होती. ७ तारखेला दुपारी चार वाजता सासूबाईंनी मोठे पातेले चुलीवर ठेवले आणि नेहमीच्या चौपट डाळ घातली. "इतकी कोणासाठी?" मी विचारले. "कोणी ना कोणी येईल. आणि दिवस मावळल्यावर आपण चूल पेटवणार नाही. मग आत्ताच करून ठेवायला नको का?"

अंधार पडल्यावर दाराशी दोन कुटुंबे आली. आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. ओलीचिंब, हातात एकेक बोचके. सासूबाईंचा चौविहार होता. त्यांनी स्वतः पाण्याचा थेंबही घेतला नाही, पण पाने मांडली आणि स्वतःच्या हाताने वाढले. नियम आपला, भूक पाहुण्यांची. दोन्हींचा मान कसा राखावा हे मी त्या रात्री पाहिले.

त्यांच्यातील एक आजी मात्र जेवेना. तिचा मुलगा जनावरे सोडवायला मागे राहिला होता. दुसरा दिवस, ८ ऑगस्ट, श्रावणातील अष्टमीचा. त्याच दिवशी ब्रह्मनाळला नाव उलटून कित्येकांचे प्राण गेल्याची बातमी आली आणि आजी भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. बाजारात भाजी नव्हती, दूध नव्हते. आमच्या घरात अष्टमीमुळे भाजी तशीही होणार नव्हती. पुन्हा घुटे आणि भाकरीच झाली. माझ्या मनात संकोच होता, की लसणाच्या फोडणीची सवय असलेल्या या माणसांना आपले जेवण कसे रुचेल? सासूबाई वाटी घेऊन आजीशेजारी बसल्या. "आक्का, मुलगा आल्यावर त्याला धीर द्यायला तुमच्या अंगात त्राण नको का?" आजीने एक घोट घेतला, मग दुसरा. थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या घरातल्यागतच झालंय गं बाई. लसूण न्हाई ते कळलंबी न्हाई."

तिचा मुलगा तिसऱ्या दिवशी सुखरूप आला. त्या आठवड्यात सासरेबुवांनी खातेवही उघडली नाही.

आता कृती सांगते. प्रमाण चार माणसांचे आहे.

उडदाचे घुटे : सालाची उडीद डाळ एक वाटी घेऊन निवडावी आणि मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत कोरडी भाजावी. धुऊन चार वाट्या गाळलेल्या पाण्यात मऊ शिजवावी व रवीने चांगली घोटावी. घोटण्यावरूनच तर हे घुटे. दोन चमचे सुके खोबरे, एक चमचा जिरे, एक चमचा धने, आठ-दहा मिरे आणि तीन सुक्या लाल मिरच्या भाजून वाटाव्यात. दोन चमचे शेंगतेलात मोहरी, जिरे व पाव चमचा हिंग यांची फोडणी करून त्यात वाटण परतावे, घोटलेली डाळ, मीठ आणि लागेल तसे गरम पाणी घालून दहा मिनिटे उकळावे. लसणाची उणीव भाजलेली डाळ आणि हिंग भरून काढतात. म्हणून भाजण्यात घाई करू नये. ज्या दिवशी हिरवे चालते त्या दिवशी हिरवी मिरची वापरावी.

जोंधळ्याच्या कण्या : शाळू जाडसर भरडून पीठ चाळून टाकावे. एक वाटी कण्या धुऊन तासभर भिजवाव्यात. पाच वाट्या पाण्याला जिरे-मीठ घालून उकळी आणावी, कण्या सोडून मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवाव्यात. सकाळच्या जेवणात ताज्या ताकाबरोबर व जवसाच्या चटणीबरोबर द्याव्यात.

येथे एक सूचना. ज्वारी हे द्विदल नव्हे, म्हणून कण्यांना ताक चालते. घुटे मात्र उडदाचे. त्याच्या ताटात कच्चे दही-ताक वाढू नये. पूर्वी गरम करून घेतलेल्या ताकाची कढी करणे वेगळे.

हुलग्याचे माडगे : हुलगे कोरडे भाजून दळावेत. पावसाळ्यात पिठाची मर्यादा थोड्याच दिवसांची असते, म्हणून लागेल तेवढेच दळावे. चार चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे. दोन वाट्या पाण्यात चार चमचे गूळ विरघळवून उकळी आली की कालवलेले पीठ त्यात ओतावे. आठ-दहा मिनिटे ढवळत शिजवून सुंठ, वेलची, किसलेले सुके खोबरे आणि वरून साजूक तूप घालावे. दमून आलेल्या माणसाला पावसाळी संध्याकाळी, अर्थात दिवस मावळण्यापूर्वी, वाटीभर द्यावे.

भगिनींनो, आपण चातुर्मासाची कोठी भरतो ती संयमासाठी. परंतु जे धान्य भाजीवाचून आपले चार महिने भागवते, तेच संकटात दारी आलेल्या दहा माणसांचेही भागवते, हे त्या पुराने शिकवले. सासूबाई आता थकल्या आहेत. चातुर्मास बसण्यापूर्वी डबे मी भरते. उडदाचा डबा भरताना त्या अजूनही दारातून विचारतात, "चार मापे जास्त घातलीस ना?"

या वर्षी तुम्हीही घालाव्यात, ही विनंती.