पीएच.डी. करून दिवाच लावायचा आहे, आणि तो आपल्या वस्तीत लावायचा आहे!

दत्तजयंती आली की सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो. चेतक फेस्टिव्हलचे फलक लागतात, लाखालाखांच्या घोड्यांच्या बातम्या छापून येतात. घोड्याची उंची, रंग, चाल, खोड सगळे पारखून मगच दाम ठरतो. पण याच तापीकाठच्या भिल्ल, पावरा, बौद्ध, मातंग वस्तीतले पोर "मला संशोधन करायचे आहे" म्हणाले, तर त्याची पारख एका शब्दात होते: कशाला?

हा प्रश्न फक्त गावातला पाटील विचारत नाही. डिसेंबर 2023 मध्ये नागपूर अधिवेशनात, विधान परिषदेत, राज्याच्या तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनीच पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला होता. ते बोलण्याच्या ओघात निसटलेले वाक्य आहे, असे आम्ही मानत नाही. त्याच काळात बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपवर प्रत्येकी 200 ची मर्यादा घातली गेली. बार्टीच्या 2022 च्या तुकडीतल्या संशोधकांना हक्काच्या पैशांसाठी आझाद मैदान गाठावे लागले, आणि पुढे त्यांना निम्म्या फेलोशिपवर भागवायला सांगण्यात आले. 24 डिसेंबर 2023 च्या चाळणी परीक्षेत तर 2019 च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका पुन्हा छापून दिली गेली. ज्यांना साधी प्रश्नपत्रिका नवी काढता येत नाही, ते आमच्या पोरांच्या संशोधनाचा दर्जा विचारतात!

तर उत्तर देऊ या. काय दिवे लावले संशोधनाने?

बाबासाहेबांचा खानदेश दौरा

बाबासाहेबांच्या पदव्या आपण भाषणात मोजतो, पण त्यांची संशोधनाची पद्धत विसरतो. 1916 साली कोलंबियात त्यांनी जातिव्यवस्थेवर निबंध वाचला, 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आला. आणि 1929 मध्ये हाच माणूस सरकारी समितीचा सदस्य म्हणून खानदेशच्या दोन जिल्ह्यांत अन्यायाची चौकशी करत फिरत होता. सारंगखेडा तेव्हा पश्चिम खानदेशात होते. स्टार्ट समिती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या समितीच्या कामात अस्पृश्यांबरोबर आदिवासींचाही विचार होता, आणि तिचा अहवाल 1930 मध्ये आला. याच दौऱ्यात, सामाजिक बहिष्काराची चौकशी करून परतल्यावर, चाळीसगावात एकही टांगेवाला त्यांना टांग्यात घ्यायला तयार झाला नाही. समाजातल्याच एका नवख्या माणसाने टांगा हाकला आणि अपघात झाला.

बॅरिस्टर आणि दोन विद्यापीठांचा डॉक्टर असलेल्या माणसाला टांगा मिळत नाही! तरी त्यांनी अर्थशास्त्र, कायदा आणि समाजशास्त्र यांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडले नाही. जमीन, चलन, जात, कायदा हे एकाच व्यवस्थेचे सांधे आहेत, हे त्यांना ठाऊक होते. आज आपली मुले मानव्यविद्या, विधी आणि अभियांत्रिकी अशा तीन वाटांनी पांगली आहेत. या तिन्ही वाटा एकत्र आणणे हा आमच्या मते आजच्या चळवळीपुढचा खरा प्रश्न आहे.

टेंभलीचे बोट

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. खुद्द पंतप्रधान आले होते. इंजिनियरांनी सांगितले, बोट ठेवा, ओळख पटेल. पण ज्या हातांनी वर्षानुवर्षे ऊस तोडला, विटा थापल्या, त्या हातांच्या रेषा झिजतात, आणि झिजलेले बोट यंत्राला ओळखू येत नाही. प्रयोगशाळेत हा किरकोळ तांत्रिक दोष ठरतो, रेशन दुकानावर त्याचा अर्थ त्या महिन्याचे धान्य बुडाले असा होतो.

हे सिद्ध कुणी केले? ज्याँ द्रेझ, रितिका खेरा यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी झारखंडच्या गावांत जाऊन वगळलेली माणसे मोजली. तो मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात बहुमताने अनुदानांसाठी आधार वैध ठरवले, पण खासगी कंपन्यांच्या सक्तीला चाप लावला. न्या. चंद्रचूड यांनी तर वेगळे मत देऊन संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला. पुढे 1 जानेवारी 2024 पासून मनरेगाची मजुरीही आधारला जोडली गेली. म्हणजे यंत्र इंजिनियरचे, मोजणी समाजशास्त्राची, लढाई कायद्याची, आणि बोट मात्र आमचे! मग या तिन्ही टेबलांवर आम्ही नको?

अमेरिकेत 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे सांगणारी यंत्रणा तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक 1 टक्क्याच्याही आत होती, काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. ज्यांचे चेहरे यंत्र चुकवत होते, त्यांच्यातल्याच संशोधकांनी हा दोष उघड केला. आरक्षण म्हणजे गुणवत्तेशी तडजोड म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावे. प्रयोगशाळेत कोण बसले आहे यावर यंत्राची गुणवत्ता ठरते. त्या 'गुणवत्ते'चाही पंचनामा झाला आहे. आयआयटी मद्रासचा अभ्यास करून अजंता सुब्रमणियन यांनी 2019 च्या ग्रंथात दाखवले, की सवर्णांचा पिढीजात जातलाभ कसा 'मेरिट' म्हणून मिरवला जातो. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2007 मध्ये सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, दलित आडनावाला कमी बोलावणी आली. कागद तोच, आडनाव बदलले आणि गुणवत्ता घटली!

आमच्यावर संशोधन, आमच्याशिवाय

पण संशोधक म्हणवणाऱ्यांनाही आमचा सवाल आहे. 1971 च्या पाटीलवाडी प्रकरणानंतर शहादा परिसरात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने सालदार-मजुरांची चळवळ उभी केली. तिच्यावर मारिया मीस यांनी 1976 मध्ये इंग्रजी नियतकालिकात अभ्यास छापला. चांगले झाले, नाहीतर ती चळवळ बाहेरच्या जगाला दिसलीही नसती. पण त्या सालदारांच्या नातवंडांना तो अभ्यास मराठीत, भिलीत, अहिराणीत कोण वाचून दाखवणार? गोपाळ गुरू यांनी 2002 मध्ये समाजविज्ञानातली हीच उतरंड मांडली: सिद्धांत वरच्यांनी रचायचा, आणि खालच्यांनी माहिती पुरवायची. आम्ही कुणाचा 'नमुना' म्हणून जन्मलो नाही. तमाशातल्या दलित स्त्रियांचा इतिहास शैलजा पाईक यांनी लिहिला आणि 2024 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. आतून लिहिले की काय घडते, ते जगाने पाहिले.

आपल्याच साथींना

"लढाई रस्त्यावर असते, कागदाने काय होते?" असे आपल्यातलेही काही म्हणतात. मथुरा ही चंद्रपूरकडची आदिवासी मुलगी. पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. 1979 मध्ये कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यावरून देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या चौघांतल्या वसुधा धागमवार यांनी आपल्या अक्राणीतल्या आदिवासींचा आणि कायद्याचा अभ्यास केला होता.

दुसरे उदाहरण ताजे आहे. 20 मार्च 2018 च्या निकालाने ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढले, कारण म्हणून 'गैरवापर' पुढे केला. 2 एप्रिलला आपण भारत बंद केला, ऑगस्टमध्ये संसदेने कायदा पूर्ववत केला. रस्ता जिंकला. पण 'आरोपी सुटला म्हणजे तक्रार खोटी' हा खोटा हिशेब आजही चहाच्या टपरीपासून न्यायालयापर्यंत चालतो. फितूर साक्षीदार, रखडलेला तपास, गावाचा दबाव हे प्रकरणागणिक मोजून मांडल्याशिवाय तो हिशेब मोडणार नाही. ते काम घोषणेने होत नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक तालुक्यात अभ्यासगट काढा, आणि त्यात वकील, इंजिनियर आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी एकत्र बसवा. शोधगंगेवर आपल्या जिल्ह्यावरचे प्रबंध फुकट वाचता येतात, ते काढून वस्तीत वाचा. वस्तीत माहिती गोळा करायला येणाऱ्याला विचारा, निष्कर्ष परत कधी आणणार? विद्यापीठात पीएच.डी.च्या राखीव जागा किती भरल्या, हे माहिती अधिकारात मागा. सारंगखेड्याच्या बॅरेजमध्ये तापीचे पाणी अडले, तरी उपसा योजना वर्षानुवर्षे का रखडल्या, आणि पाणी कोणाच्या शेतात गेले, कोणाच्या नाही, यावर आपल्याच इंजिनियरने प्रबंध लिहावा. आणि फेलोशिपची पूर्ण रक्कम वेळेवर मिळालीच पाहिजे. ती भीक नाही, आमच्या आईबापांच्या घामातून भरलेल्या कराचा वाटा आहे.

दिवे लावायचेच आहेत. उजेडाची भीती कोणाला वाटते, ते आता समाजाने ओळखावे.

जय भीम! जय संविधान! आप की जय!