वॅट मोजता, कान कधी मोजणार?

"डॉक्टर, यांना खरंच ऐकू येत नाही, की फक्त माझंच ऐकू येत नाही?"

रक्तदाब तपासायला आलेल्या एका पेशंटच्या पत्नीने हे विचारलं आणि आम्ही तिघंही हसलो. मग ते गृहस्थ म्हणाले, "आवाज येतो हो डॉक्टर, पण शब्द कळत नाहीत. ही 'सात' म्हणाली की मला 'हात' ऐकू येतं." माझं हसू तिथेच थांबलं. वय वर्षं ३६. हे वाक्य मी सत्तरीच्या आजोबांकडून ऐकतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. ऑडिओग्राम आला. २००० हर्ट्झपर्यंत रेषा ठीक, ४००० हर्ट्झला खोल खड्डा, ८००० ला पुन्हा थोडी वर. मोठ्या आवाजाने दुखावलेल्या कानाची ही ठरलेली खूण. चौकशी केली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. सहा वर्षं ढोल-ताशा पथकात वादन, आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेली भलीमोठी होम थिएटर सिस्टीम, रोज संध्याकाळी दोन-अडीच तास. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

ते म्हणाले, "ढोलाचं पटतं डॉक्टर. पण घरातली सिस्टीम? ते तर आपलं साधं गाणं ऐकणं!"

हा लेख त्या एका वाक्याच्या विरोधात आहे.

कानाचं खातं एकच असतं

आपल्याकडे आवाजाचा विषय निघाला की बोट लगेच डीजेकडे, मिरवणुकीकडे, मंगल कार्यालयाकडे जातं. ते चुकीचं नाही. पण त्या आवाजाची कळ आपल्या हातात नसते. घरातली असते, आणि तिच्याबद्दल आपण एक शब्द बोलत नाही.

आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा कॉक्लिया नावाचा अवयव असतो. त्यात ध्वनीच्या लहरी टिपणाऱ्या केसपेशी असतात, प्रत्येक कानात सुमारे १५ हजार. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण आपल्या डोक्यावरच्या केसांपेक्षा तो कितीतरी कमी आहे. त्वचा भरून येते, हाड सांधतं, यकृताचा तुकडा काढला तरी ते वाढतं. माणसाची केसपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. त्यासाठी आज माझ्याकडे गोळी नाही, इंजेक्शन नाही, टॉनिक नाही.

या पेशींना आवाज कुठून आला हे कळत नाही. ढोल असो, हॉर्न असो की तुमच्या दिवाणखान्यातली अभंगवाणी, आवाज किती आणि किती वेळ एवढंच तिथे मोजलं जातं. अमेरिकेतल्या 'नायॉश' या संस्थेने कामगारांसाठी घालून दिलेला हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त ८ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. शेजारी उभं राहून मिक्सर ऐकलात तर साधारण ८५ ते ९० डेसिबल होतात. आता आठवा, मागच्या रविवारी सिनेमातल्या मारामारीच्या वेळी मिक्सरचा आवाज ऐकू आला असता का?

लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली आहे. कानात घालून ऐकायच्या उपकरणांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी ७५ डेसिबल ही पातळी धरली आहे. आणि आपण काय करतो? पहिल्या वाढदिवसाला त्या वर्षाच्या बाळाला नेमकं स्पीकरसमोर बसवून फोटो काढतो.

"आम्हाला सवय आहे"

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. कानाला मोठ्या आवाजाची सवय होत नाही, कान कमी ऐकू लागतो. पूर्वी व्हॉल्यूम २० वर छान वाटायचा, आता ३५ शिवाय मजा येत नाही, याचा अर्थ तुम्ही रसिक झालात असा नाही. खर्च झाला आहे.

"दुसऱ्या दिवशी कान मोकळे होतात" हा दुसरा दिलासा. कार्यक्रमानंतर कान दडपल्यासारखे होतात, शिट्टी वाजत राहते आणि सकाळी सगळं ठीक वाटतं. पण २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका महत्त्वाच्या प्रयोगात दिसलं, की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केसपेशींना मेंदूशी जोडणारी बरीच मज्जाटोकं कायमची नष्ट झालेली होती. माणसात हे नेमकं किती होतं यावर अभ्यास चालू आहे. पण त्या शिट्टीला मी तरी इशाराच म्हणेन.

आणि जातं ते काय? आधी उंच स्वरातले ध्वनी. स, श, त, थ, फ ही व्यंजनं तिथेच राहतात. त्यामुळे स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" ते यामुळे.

वॅटचा बाजार

आता दुकानात चला. खोक्यावर मोठ्या अक्षरात '५००० वॅट पीएमपीओ'. हा आकडा क्षणभराच्या शिखराचा असतो आणि तो मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. विचारायचं असेल तर 'आरएमएस किती?' एवढंच विचारा. त्याच खोक्यावर बारीक अक्षरात तो सापडतो, आणि बरेचदा हसू येण्याइतका लहान असतो.

पण माझं भांडण त्याहून मूळ आहे. तुम्हाला एवढे वॅट हवेतच कशाला? घरगुती स्पीकर फक्त एक वॅटला, एक मीटर अंतरावर, साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. एका वॅटला! साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत आरामात गाणं ऐकताना एक वॅटसुद्धा पुरा लागत नाही. बाकीचे वॅट संगीतातल्या क्षणिक उसळीसाठी थोडे राखीव असावेत, हे मान्य. त्यापुढचे सगळे शेजाऱ्यांना दाखवायला.

गंमत बघा. १० चे १०० वॅट केले तर कानाला आवाज दुप्पटच वाटतो, पण आत पोचणारी ऊर्जा दहापट होते आणि सुरक्षित वेळ जवळजवळ एक दशांश उरते. आनंद दुप्पट, किंमत दहापट. असा व्यवहार तुम्ही भाजीबाजारात तरी कराल का?

आवाज वाढवणं म्हणजे तापावर नुसती पॅरासिटामॉल

ताप का आला हे न बघता गोळी घ्यायची, तसं गाणं नीट ऐकू येत नाही म्हटलं की व्हॉल्यूम वाढवायचा. मूळ आजार बहुतेक वेळा मांडणीत असतो. दोन हजारांची जुनी जोडीसुद्धा नीट मांडली तर कमी आवाजात तृप्त करते. हे करून पाहा:

१. त्रिकोण साधा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच प्रत्येकापासून तुमच्या खुर्चीपर्यंत. लहान खोलीत सहा-सात फूट पुरतात. एक स्पीकर फ्रिजवर आणि दुसरा बाल्कनीच्या दारात, याला स्टिरिओ म्हणत नाहीत.

२. उंची. स्पीकरमधला लहान गोल, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या पातळीत यावा. उंच स्वर सरळ रेषेत जातात. स्पीकर कपाटावर चढवला की ते डोक्यावरून जातात, शब्द पुसट होतात आणि हात रिमोटकडे जातो.

३. कोपरा टाळा. भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घ्या. कोपऱ्यात बेस फुगतो, गायकाचे शब्द त्या घुमण्यात बुडतात.

४. वायरींचे रंग. दोन्ही स्पीकरना लाल ते लाल, काळी ते काळी. एकीकडे उलट झालं की दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात, बेस नाहीसा होतो आणि गायक मधोमध उभा राहत नाही. कित्येक घरांत वर्षानुवर्षं हेच झालेलं असतं आणि दोष सिस्टीमला दिला जातो.

५. खोली. उघड्या फरश्या आणि काचा म्हणजे प्रतिध्वनी. जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांचं कपाट यांचा उपयोग महागड्या वायरींपेक्षा जास्त.

कमी आवाजात बेस मिळमिळीत वाटतो, ही तक्रार खरी आहे. कानाची रचनाच तशी आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून दाखवलं. म्हणून तर काही सिस्टीमवर 'लाउडनेस' नावाचं बटण असतं. ते किंवा बेसची कळ थोडी वापरा, पण व्हॉल्यूम तिथेच ठेवा.

आवाज किती ठेवायचा? हातभर अंतरावरच्या माणसाशी सूर न चढवता बोलता आलं पाहिजे. मोबाइलवरचं डेसिबल मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, अंदाजाला पुरतं. बसल्या जागी ७० च्या आसपास ठेवा. ८० हा नेम नसावा, कुंपण असावं.

कानापलीकडचे दोन धोके

पहिला शॉकचा. स्पीकरमधून 'घूं' आवाज येतो म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. ती अर्थिंगची पिन आहे. आत काही बिघडून धातूच्या पेटीत वीज उतरली तर तीच तुम्हाला वाचवते. घूं बंद करायला जाणकाराकडून वायरिंग तपासून घ्या. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा, त्यात तिसरा अशी आगगाडी नको. ॲम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी नको. त्याला हवा लागते आणि पाणी सोसत नाही. विजा कडाडत असतील तर प्लग आणि अँटेना किंवा केबल आधीच काढून ठेवा. आणि प्लग काढला म्हणून ॲम्प्लिफायर उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

दुसरा धोका लहान रिमोटमधल्या नाण्यासारख्या चपट्या सेलचा. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. "शीवाटे पडेल" म्हणून वाट पाहू नका, उलटी करवू नका. नुसता संशय असला तरी ताबडतोब एक्स-रेची सोय असलेल्या हॉस्पिटलात जा.

"माझं घर, माझी सिस्टीम"

तुमचं घर तुमचं, भिंत मात्र दोघांची. बेस भिंतीतून आणि स्लॅबमधून सहज पलीकडे जातो. पलीकडे रात्रपाळी करून आलेली नर्स असेल, बाळंतीण असेल, दहावीचं पोर असेल. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. खाजगी सिस्टीमचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. म्हणजे "घरातल्या घरात काहीही" हे कायद्यालाही मान्य नाही. वूफर कोपऱ्यातून काढा, खाली जाड रबर घाला, आणि एकदा शेजारच्या घरात उभं राहून स्वतःची सिस्टीम ऐका. त्यापेक्षा चांगली तपासणी नाही.

दोष आमचाही

आम्ही डॉक्टर तंबाखू विचारतो, दारू विचारतो, मीठ विचारतो. "गाणी किती मोठ्याने ऐकता?" हे मी प्रॅक्टिसच्या पहिल्या वीस वर्षांत कुणालाही विचारलं नाही. आता विचारतो, त्याला कारण आहे.

हॉस्टेलच्या माझ्या दहा बाय दहाच्या खोलीत लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला ॲम्प्लिफायर होता आणि बारा इंची दोन स्पीकर. संपूर्ण मजल्याला ऐकू जायचं याचा केवढा अभिमान! चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात गावी गेलो होतो. रात्री अंगणात बसलो असताना पत्नी म्हणाली, "काय रातकिडे किर्र करतायत!" मला पावसाचं थेंबथेंब ऐकू येत होतं, रातकिडे नव्हते. परत आल्यावर ऑडिओग्राम केला. ४००० हर्ट्झला तोच खड्डा, दोन्ही कानांत. थोडा वयाचा असेल, पण सगळा वयाचा नाही.

त्या ३६ वर्षांच्या पेशंटला मी माझा कागद दाखवला. त्यांनी सिस्टीम विकली नाही, आणि मी तसं सांगितलंही नव्हतं. स्पीकर कोपऱ्यातून काढले, एकाच्या उलट्या वायरी सरळ केल्या, व्हॉल्यूम ३५ वरून १८ वर आला. पथकात आता इअरप्लग घालतात. गेलेलं परत आलेलं नाही, येणारही नाही. आहे ते टिकवायचं आहे.

कानात शिट्टी दोन दिवसांहून जास्त राहिली, शब्द निसटू लागले, तर ऑडिओग्राम करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जा. उपचाराची संधी थोडेच दिवस असते.

आणि आज रात्री गाणं जरूर ऐका. फक्त नेहमीपेक्षा पाच घरं खाली. पहिली दहा मिनिटं कमी वाटेल. मग कान स्थिरावतील आणि मागचा तानपुरा ऐकू येऊ लागेल. तो वर्षानुवर्षं वाजतच होता, तुमच्याच आवाजाखाली दबलेला.