नाताळच्या गाण्याचें मर्म

नाताळांत रात्रीं घरोघर जाऊन गाणीं गाण्याची चाल आपल्या मंडळींत फार प्रिय आहे. परंतु तिची गोडी आवाजाच्या मोठेपणांत नाहीं. ‘सायलेंट नाइट’ हें जगप्रसिद्ध गीत १८१८ सालीं ऑस्ट्रियांतील ओबर्नडॉर्फ येथें गिटारीच्या साथीवर प्रथम गाइलें गेलें. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या (१८६१–१९१९) भजनांसही साधे टाळ पुरतात. मग ध्वनिवर्धकाचा बडेजाव कशास?

ख्रिस्तजन्माची वार्ता प्रथम मिळाली ती रात्रीं कळप राखणाऱ्या मेंढपाळांस. सोलापुरांतही रात्रपाळीहून परतलेला विणकर, रुग्णाच्या उशाशीं बसलेली माता, नुकतेंच दुःख ओढवलेलें घर, हीं अशा वेळीं जागींच असतात. त्यांच्या दारीं हळू आवाजांत म्हटलेलें एकच गीत हाच, माझ्या मतें, खरा नाताळ होय. विद्यार्थ्यांनो, यंदां तीं दारें वगळूं नका.