पहिलं गिऱ्हाईक

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांच्या नजरेतून सुटल्या असतील तर चालवून घ्या!

सध्या आपल्या हॉस्टेलमध्ये मजल्यागणिक एक तरी एसईओ फ्रीलान्सर आहे. एसईओ म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन. एखादी वेबसाइट किंवा दुकान गूगलवर शोधणाऱ्याला नीट सापडावं म्हणून केलेली खटपट. लॅपटॉप घरच्यांचा, इंटरनेट कॉलेजचं, भांडवल शून्य. अडतं एकाच ठिकाणी : पहिलं काम देणार कोण? आणि तिथेच आपण सगळे एक थाप मारतो, "महिन्याभरात पहिल्या नंबरवर आणतो." माझं स्पष्ट मत आहे, ही थाप बंद झाली पाहिजे. (मी स्वतः मारली आहे, म्हणून अधिकाराने बोलते.)

सेकंड इयरला मी चाळीस कंपन्यांना एकच मेल कॉपी-पेस्ट करून पाठवला. उत्तर एकच आलं, "मॅडम, तुमची स्वतःची साइट कुठे आहे?" नव्हतीच! मग एका क्लासवाल्या सरांना पहिल्या नंबरचा शब्द दिला आणि दोन हजार ॲडव्हान्स घेतला. महिना गेला, क्लास होता तिथेच, तिसऱ्या पानावर. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माहीत नव्हतं तर बोललीस कशाला बाळा?" पैसे परत केले. ते वाक्य मात्र अजून डोक्यातून जात नाही.

नंतर वाचलं की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. परिणाम दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागतं, हेही त्यांचंच म्हणणं. आणि विकतच्या लिंक्स वगैरे शॉर्टकट मारणाऱ्या साइट्सना २०१२ च्या पेंग्विन अपडेटने दणका दिला होता. म्हणजे मी सरांना जे विकलं, ते माझ्याकडे नव्हतंच.

खरं गिऱ्हाईक मिळालं एसटी स्टँडमागे. हॉस्टेलच्या पंपाची मोटार जळाली होती, दोन दिवस अंघोळी बंद, आठवतंय ना? रेक्टर मॅडमनी मॅपवर रिवाइंडिंगवाला शोधला, फोन लावला, तर नंबर बंद. मी मुद्दाम दुकानात गेले आणि काकांना मोबाईलवर त्यांचंच दुकान दाखवलं. "अरेच्चा, हा तर जुना नंबर! म्हणून फोन येत नाहीत होय!" झालं. वेगळं मार्केटिंग करावंच लागलं नाही.

काम दोन संध्याकाळचं. काकांच्याच अकाउंटवरून बिझनेस प्रोफाइल ताब्यात घेतलं, दुकानाचा व्हिडिओ काढून व्हेरिफाय केलं, नंबर, वेळ आणि फोटो टाकले. नाव पाटीवर आहे तेच ठेवलं, उगाच पुढे 'बेस्ट रिवाइंडिंग' चिकटवलं नाही. त्यांना सांगितलं, दुकान शोधाशी किती जुळतं, किती जवळ आहे आणि किती नावाजलेलं आहे, यावर मॅपवरचा क्रम ठरतो. यातलं अंतर मी काय बदलणार? काका हसले. पाचशे रुपये दिले, नोटेला व्हार्निशचा वास. (फुकट करू नका बरं का. फुकटच्या कामाला कोणी ओटीपीसुद्धा वेळेवर देत नाही.)

मग विंगमधल्या मुली म्हणाल्या, "आम्ही पन्नास जणी फाइव्ह स्टार देतो, तू पार्टी दे." मी नाही म्हटलं, त्यावरून दोन दिवस अबोलाही झाला. खोटे रिव्ह्यू गूगलच्या नियमात बसत नाहीत हे आहेच. पण काकांकडे शेतकरी येतो तो ऊस वाळत असताना, जळालेली मोटार घेऊन. त्याने आमच्या कँटीनच्या सामोशांवर मिळवलेल्या स्टारवर भरवसा ठेवायचा? मला नाही पटलं. अजूनही नाही पटत.

काका आता फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, नंबर कुठून मिळाला, आणि वहीत 'मॅप' लिहून टिक करतात. मागच्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या बेअरिंगवाल्यांना माझ्याकडे पाठवलं. त्यांचा पहिलाच प्रश्न, "पहिल्या नंबरवर आणणार का?" मी म्हटलं, "शब्द देत नाही." ते विचार करून सांगतो म्हणालेत.