यात्राकमिट्यांनी जुन्या वह्या उघडाव्यात : एक जाहीर आवाहन

तालुक्यातील यात्राकमिट्यांचे पंच, उत्सव मंडळांचे चिटणीस, ग्रंथालयांचे कार्यवाह, सेवानिवृत्त शिक्षक आणि ज्यांच्या घरी जुने कागद जपून ठेवण्याची चाल आहे अशा सर्व बंधुभगिनींस सविनय विनंती, की वृद्ध कलावंतांस सरकारातून मिळणाऱ्या मानधनासंबंधीचा हा मजकूर त्यांनी सवडीने वाचावा, आणि आपल्या हातून त्यात काही होण्यासारखे असल्यास ते अर्जांची मुदत सरण्यापूर्वी करावे.

वृद्ध साहित्यिक व कलावंतांस मानधन देण्याची ही योजना १९५४-५५ पासूनची, म्हणजे आजच्या महाराष्ट्र राज्याहूनही जुनी आहे. पूर्वी तीत राष्ट्रीय, राज्य व स्थानिक अशा प्रती लावून कमीअधिक रक्कम देत असत. २०२४ मध्ये तो भेद मोडून सर्वांस दरमहा ५,००० रुपये असा एकच आकडा ठरला, आणि योजनेस राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. नाव यथोचितच आहे. अल्लादियाखाँसारखा गवई आणि आबालाल रहिमानसारखा चित्रकार ज्या करवीर दरबाराच्या आश्रयास होते, त्या दरबारात गुणी माणूस ओळखण्यासाठी अर्जाचा नमुना लागत नसे. लोकराज्यात मात्र तसे चालावयाचे नाही, आणि चालूही नये. सार्वजनिक तिजोरीतून पैसा द्यावयाचा तर तो कोणास व कशाबद्दल दिला याची नोंद हवी. आणि वशिल्याच्या कारभाराहून कागदाचा कारभार, तो कितीही रुक्ष असला, तरी शतपटीने बरा, असे आमचे प्रांजळ मत आहे.

परंतु अडचण नेमकी येथेच उद्भवते. वयाचा दाखला मिळतो, उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून आणता येतो. पण आपण पंधरा वर्षे आणि त्याहून अधिक काळ कलेची सेवा केली, हे ज्याने सिद्ध करावयाचे, त्या माणसापाशी बहुधा चिटोराही नसतो. तमाशाची जुनी हस्तपत्रके पाहावीत. गुलाबी किंवा पिवळ्या पातळ कागदावर फडमालकाचे नाव ठसठशीत अक्षरांत, त्याखाली नायिकेचे, क्वचित सोंगाड्याचे, आणि ढोलकी, हलगी व तुणतुणे वाजविणारे, झील धरणारे, तंबू ठोकणारे असे सगळे मिळून ‘आणि संच’ या दोन शब्दांत उरकलेले. ज्या ढोलकीवाल्याच्या थापेवर सारी रात्र उभी राहिली, तो त्या पत्रकापुरता जन्मलाच नाही. गोंधळी, वासुदेव, बहुरूपी, पिंगळा यांची गोष्ट तर याहून कठीण. दारात उभे राहून सुपातले धान्य घेणाऱ्यास पावती कोण देणार?

आणि तरीही पुरावा अगदीच नाही असे नाही. तो आपल्यापाशी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तेथे जाऊन सुपारी देतात, करार लिहून घेतात. हे करारांचे कागद यात्राकमिटीच्या दफ्तरात राहतात. जमाखर्चाच्या वह्यांत तर फार मोठा खजिना आहे. लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत, नारळ, रॉकेल आणि शोभेची दारू यांच्या खर्चाखाली, ‘संबळवाल्यास बिदागी’, ‘भारुडवाले मंडळींस शिधा’ असा तपशील तारखेसह लिहिलेला असतो, आणि लिहिणाऱ्याने कंटाळा केला नसेल तर नावही असते. आज ती वही देवळाच्या कोठीत उंदीर कुरतडीत आहेत. तिचे एक पान एखाद्या म्हाताऱ्यास औषधपाण्याचा आधार देऊ शकते, आणि योजनेच्या नियमाप्रमाणे त्याच्या पश्चात त्याच्या पत्नीसही.

सत्कारांविषयी आम्हांस थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. शाल-श्रीफळ देण्यात आपण कोणासही हार जाणारे नाही. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरविण्यात आले. त्याच विठाबाई २००२ साली निवर्तल्या, तेव्हा इस्पितळाचे देणे फेडण्यास देणगीदारांना पुढे यावे लागले. आज राज्य शासनाचा तमाशाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावे दिला जातो, ही आनंदाची गोष्ट होय. पण जिचे नाव सर्वतोमुखी होते तिची ही कथा, तर ‘आणि संच’मधल्यांचे काय झाले असेल, हे सांगावयास नको. यापुढे ज्या मंडळास सत्कार करावयाचा असेल त्याने अवश्य करावा, मात्र शालीबरोबर कलावंताचे पूर्ण नाव, कला, गाव, आणि तो किती सालापासून ती करीत आहे हे लिहिलेले, तारीख-सहीचे पत्रही द्यावे. शाल विरते.

एक सक्त ताकीदही येथेच नोंदवितो. जिल्ह्यागणिक वर्षाला १०० जणांचीच निवड व्हावयाची असल्यामुळे, भिडेखातर दिलेला एक खोटा दाखला म्हणजे एका खऱ्या कलावंताचे पान उलटणे होय. ज्याने उभ्या जन्मात टाळ हाती धरला नाही त्यास भजनी ठरविण्याचे औदार्य कोणी दाखवू नये, मग तो सरपंचांचा मेहुणा का असेना.

तरी प्रत्येक कमिटीने व मंडळाने जुन्या वह्या, करार, पत्रके व छायाचित्रे एकदा बाहेर काढून चाळावीत. मूळ वही कोणाच्याही स्वाधीन करू नये; संबंधित पानाची छायाप्रत काढून तीवर अध्यक्ष व चिटणीस यांच्या सह्या, शिक्का आणि वहीचे साल घालावे, आणि ती कलावंताच्या घरी नेऊन द्यावी; त्यास हेलपाटे घालावयास लावू नये. जेथे नोंद मिळत नाही, तेथे त्याचा खेळ पाहिलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी आपापल्या आठवणी सालवार लिहून सह्या कराव्यात. हा पुरावा दुय्यम खरा, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. अर्ज आता ऑनलाइन भरावयाचा असल्याने महाविद्यालयातील मुलामुलींनी हे काम अंगावर घ्यावे, भरलेल्या अर्जाची पोच छापून द्यावी, आणि मानधन मंजूर झाल्यावरही हयातीचा दाखला वेळेवर रुजू होतो की नाही, इकडे दरसाल लक्ष ठेवावे.