संडासाचा खड्डा कोणाला विचारून खणायचा?



मागल्या पावसात आमच्या पाड्यावरच्या डवऱ्याचं पाणी वास मारायला लागलं. बायांनी पहिल्यांदा म्हटलं, पाला कुजला असेल. मग वर चढावर जाऊन बघितलं. तिथे ठेकेदाराने बांधलेले पाच संडास आहेत. कागदावर प्रत्येकाला सेप्टिक टँक. खरी गोष्ट अशी की तीन फुटांवर कातळ लागला, मजुरांनी पहार टाकून दिली, चार बाजूंनी विटा लावल्या आणि वर फरशी ठेवली. जादा पाण्याला पाईप काढला, त्याचं तोंड वहाळाकडे. वहाळ येतो डवऱ्याकडे. फोटो निघाला, गाव हागणदारीमुक्त झाले.

ठेकेदार येतो कसा, तेही बघा. सरकारी अनुदान 12 हजार रुपये, पण बहुतेक ठिकाणी ते बांधून झाल्यावर मिळते. आधी विटा-सिमेंट कशाने घ्यायचं? म्हणून ठेकेदार म्हणतो, मी बांधतो, तू फक्त अंगठा दे. अंगठा आपला, खड्डा त्याचा.

सेप्टिक टँक ही मुळात वाईट वस्तू नाही. पण त्यात मैला फक्त खाली बसतो. वरून निघणारे पाणी घाणच असते, त्याला वेगळा शोषखड्डा लागतो. आणि दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते. उपसणारी टँकर गाडी तालुक्याहून येणार. आपल्या पाड्याला पावसाळ्यात मोटारसायकल चढत नाही, टँकर कुठून चढणार? मग कुणीतरी मजुरीच्या नावाने आपल्याच पोराला आत उतरवणार. टाकीत विषारी वायू साठतो, उतरलेला माणूस बाहेर येईलच असं नाही. असं उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, पण पाड्यावर बंदी बघायला कोण येतो?

आपल्याला जमते ते दोन खड्ड्यांचे. प्रत्येक खड्डा तीन-साडेतीन फूट रुंद, साधारण तेवढाच किंवा थोडा जास्त खोल. विटा फटी ठेवून जाळीसारख्या लावायच्या, तळाला सिमेंट अजिबात नाही, पाणी जमिनीत मुरलं पाहिजे. दोन खड्ड्यांत निदान तीन फुटांचे अंतर. एका वेळी एकच चालू. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा सुमारे तीन वर्षे पुरतो. भरला की मधल्या चेंबरमधून वाट दुसऱ्याकडे वळवायची आणि पहिला बंद ठेवायचा, दोन वर्षं हात लावायचा नाही. नंतर उघडला तर आत कोरडी माती, वास नाही. जुनी माणसं त्याला सोनखत म्हणतात. टँकर नको, कुणाला आत उतरवणे नको.

फक्त जागा नीट बघा. विहीर किंवा डवऱ्यापासून 10 मीटर तरी लांब, 15 असेल तर बरे, आणि पाण्याच्या वरच्या अंगाला कधीच नाही. पावसात जिथे जमिनीतलं पाणी वर येतं तिथे खड्डा जमिनीपेक्षा उंच उचलून भोवती मातीचा भराव करावा. भेगांचा कातळ असेल तर ती जागा सोडा. भेगेतून घाण फार लांब जाते.

आता गार्डचे. आमच्या एका भावाने कुदळ मारली तर गार्ड येऊन उभा, म्हणे वनजमिनीत खोदकाम केलंस, गुन्हा लावतो. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3 (1)(क) मध्ये राहण्यासाठी आणि कसण्यासाठी हक्क दिला आहे. राहणं म्हणजे काय नुसतं छप्पर? घराच्या अंगणातला खड्डा हा राहण्याचाच भाग आहे, असं आमचं म्हणणं. दावा अजून पडून असेल तरी कलम 4 (5) प्रमाणे चौकशी पुरी होईपर्यंत ताब्यातून हलवता येत नाही. कलम 3 (2) मध्ये सरकारने वनजमिनीवर करायच्या 13 सोयी लिहिल्या आहेत, शाळा, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचे पाणी. त्यात संडास नाही, हे खरंय. म्हणून घराघराचा खड्डा घराच्या हक्कात धरायला हवा.

आणि कर्जत-मुरबाडकडचे फार्महाऊस बघा. तिथे जेसीबी चार दिवस गुरगुरतो, डोंगर पोखरतो, कोणी विचारत नाही. दहा खोल्यांचा मैला नाल्यात सोडला तर तो खालच्या वाडीच्या पाण्यात येतो. आमच्या पहारीला मात्र परवानगी लागते! कलम 5 ने पाणलोट आणि पाण्याच्या जागा राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. तो वापरून फार्महाऊसवाल्याला पाईप कुठे सोडला ते विचारता येतं. आपण अजून विचारलेलं नाही.

आमच्या ग्रामसभेने तीन गोष्टी ठरवल्या. ते पाच पाईप दिवाळीआधी बंद करायचे. नवे खड्डे आपणच खणायचे, पाच-पाच घरांनी मिळून, आज तुझा उद्या माझा. आणि जागा दाखवायच्या आधी डवरा, विहिरी, झरे कागदावर काढायचे. नकाशा बायांनी काढायचा, कारण पाणी कुठून झिरपतं ते त्यांनाच माहीत. ठराव लिहिला आहे, नक्कल पाहिजे असेल त्या पाड्याने पुढच्या बैठकीला वही घेऊन यावे.